‘साहेब म्हनतीन तसं’ असं उत्तर आलं तर

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात हिंगण्याकडे एका ट्रस्टच्या ऐंशी खाटांच्या रुग्णालयाचं नूतनीकरण चाललंय. विचारणारे तरुण आर्किटेक्ट आहेत. त्यांनी पेशंट, नातलग, डॉक्टर आणि सिस्टर अशा सगळ्यांची एकत्र बैठक घेतली. दोन तास डॉक्टरच बोलले. पेशंटना विचारलं तर एकच उत्तर, ‘चांगलं हाय सगळं. साहेब म्हनतीन तसं.’ आता डॉक्टर म्हणतात, बघा, त्यांची काही तक्रारच नाही. मग पेशंट आणि उपचार करणारे यांच्यातला तोल सावरायचा कसा, आणि तो नकाशात उतरवायचा कसा? शिवाय रांगेसाठी मोबाइल अ‍ॅप आणावं का, हेही त्यांनी विचारलंय.

मी बारा वर्षं वॉर्डात सिस्टर होते आणि गेली चौदा वर्षं रुग्णालयांच्या नियोजनाचं काम करते. म्हणजे तुम्ही ज्या दोन बाजूंबद्दल विचारताय त्यातल्या उपचार करणाऱ्यांच्या बाजूला मी बराच काळ उभी होते. हे उत्तर वाचताना ते ध्यानात असू द्या.

ती बैठक वाया गेली असं समजू नका. ‘साहेब म्हनतीन तसं’ हे तुमचं पहिलं निरीक्षण म्हणून वहीत लिहून ठेवा. असं म्हणणाऱ्या बाईला पुढच्या महिन्यात त्याच दारातून आत यायचंय आणि त्याच सिस्टरकडून सलाइन लावून घ्यायचंय. ती तुमच्यासमोर डॉक्टरांचं उणं कशाला काढेल? पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, हे तिला कोणी शिकवावं लागत नाही. शिवाय बैठकीची खोली कोणाची, खुर्च्या कोणाच्या, चहा कोण पाजतंय, हे सगळं तिनं आत येतानाच पाहिलेलं असतं.

कोणाचं किती चालतं हे बैठकीत कळत नाही. वॉर्डातल्या वस्तू बघा. ओपीडीत डॉक्टरांना पाठीची, फिरती खुर्ची आणि पेशंटला स्टूल, तेही टेबलाच्या कडेला, म्हणजे बोलायला मान वाकडी करावी लागते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा कूलरचं तोंड कुणीकडे आहे ते पाहा. सूचनापेटीची किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. (एका ठिकाणी मी विचारलं तर किल्ली ज्यांच्याविरुद्ध तक्रारी येतील त्यांच्याच ड्रॉवरमध्ये होती. पेटीत दोन चॉकलेटचे कागद आणि एक ऑटोवाल्याचं कार्ड निघालं.) मला मात्र सगळ्यात जास्त शिकवलं ते फाइलनं.

मेडिसिनचा वॉर्ड. कुरखेड्याकडचा एक माणूस बायकोला घेऊन आलेला. रोज राऊंड झाला की फाइल काउंटरवर यायची, आणि हा काउंटरपासून दोन हात लांब, हात मागे बांधून उभा राहायचा. वाचता थोडंफार येत होतं, पण इंग्रजी नाही. तरी फाइलकडे बघत राहायचा, जणू फाइलच कधीतरी बोलेल. एके दिवशी त्यानं ती उचलली. ‘ए बाबा, ठेव तिथं!’ अशी ओरड झाली आणि त्यानं चटका बसल्यासारखी फाइल खाली ठेवली. ओरडणारी मीच होते. आदल्याच आठवड्यात एक नातलग फाइल घेऊन धंतोलीत दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला गेला होता, त्यात रिपोर्टचं एक पान हरवलं आणि मेट्रननी मला मेमो दिला होता. म्हणजे माझ्यावर जे वरून आलं ते मी खाली ढकललं. रुग्णालयात हे सतत चालतं. डॉक्टर सिस्टरवर, सिस्टर मामा-मावशींवर (म्हणजे वॉर्डबॉय आणि आया), मामा नातलगावर. नातलगाच्या खाली कोणी नसतं, म्हणून तो पेशंटवर तरी चिडतो, नाहीतर एक दिवस काच फोडतो.

म्हणून ‘पेशंट विरुद्ध डॉक्टर’ अशी दोन रकान्यांची मांडणी करू नका. पेशंटला दिवसभरात डॉक्टर भेटतो पाच मिनिटं. उरलेला सगळा वेळ त्याच्यावर सत्ता चालते ती सिक्युरिटी गार्डची, केसपेपरच्या खिडकीची, मावशीची आणि माझ्यासारख्या सिस्टरची. या मंडळींचं स्वतःचं काही चालत नसेल तर ती आहे तेवढी सत्ता गच्च धरून ठेवतात. आपल्याच शहरात कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी १९२१ मध्ये मातृसेवा संघ उभा केला. कमलाताई स्वतः परिचारिका होत्या. शंभर वर्षं झाली, तरी रुग्णालयाच्या नकाशावर सिस्टरची सही घ्यावी असं अजून कोणाला सुचत नाही.

फाइलचं पुढे काय केलं ते सांगते, कारण ते तुम्हाला जसंच्या तसं वापरता येईल. पेशंटला आपल्या नोंदींची प्रत मागण्याचा हक्क आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाचे २००२ चे नियम सांगतात की मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे. पण ७२ तासांनी मिळणारा कागद त्या माणसाच्या त्या सकाळी काय कामाचा? त्याला हवी होती आजची गोष्ट. एका रुग्णालयात आम्ही खाटेच्या पायथ्याशी एक हुक लावला आणि त्यावर एकच पान अडकवलं, मराठीत आणि हिंदीत. नागपूरला हिंदी हवीच, कारण मेडिकल असो की मेयो, या इथल्या दोन्ही मोठ्या सरकारी रुग्णालयांत मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा-बालाघाटचे पेशंट रोजचे. पानावर चारच ओळी: काय झालंय, आज कोणती तपासणी आहे, कशाची वाट बघतोय, आणि विचारायचं तर कोणाला. पान नातलगाचं. त्यानं खिशात घालून नेलं तरी चालतं. मूळ फाइल काउंटरवरच राहते, त्यामुळे सिस्टरच्या डोक्यावर मेमोची तलवार नाही. सुरुवातीला डॉक्टर कुरकुरले की आणखी एक कागद कोण भरणार. नंतर त्यांनाच दिसलं की काउंटरवर ‘सिस्टर, आमच्या पेशंटचं काय?’ विचारणारी गर्दी ओसरली.

आता बैठकीबद्दल. बैठकच घेऊ नका, निदान सुरुवातीला. पेशंटबरोबर चाला. सकाळी साडेपाचला गेटवर जाऊन उभे राहा. रात्रभर एसटीत बसून आलेली माणसं तेव्हा केसपेपरच्या खिडकीपाशी चपला ठेवून रांग धरतात. त्यांच्याबरोबर खिडकी, ओपीडी, रक्ततपासणी, पुन्हा ओपीडी, औषधं असं पूर्ण फिरा. जिथे ते थांबतात, चुकतात, कोणाला तरी ‘साहेब’ म्हणतात तिथे नकाशावर खूण करा. बोलायला लावू नका, डबा उघडला की आपोआप बोलतात. उमरेडच्या एक काकू बैठकीत तासभर गप्प होत्या, आणि नंतर जिन्यावर बसून भाकरी खाताना त्यांनी दहा मिनिटांत आमचं डिस्चार्जचं अख्खं काम उलटंपालटं केलं.

विषय होता औषधांच्या कागदाचा. आम्ही मोठ्या कौतुकानं सकाळ-दुपार-संध्याकाळसाठी उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र अशी चित्रं काढली होती. काकू म्हणाल्या, ‘चित्र कयते जी. पन आमी सकायी सहाले जेवूनच निंगतो वावरात. दुपारचा डब्बा तिकडंच, अन् गोया घरी रायतेत.’ दुपारची गोळी बुडते ती न समजल्यामुळे नव्हे, गोळी घरी आणि माणूस वावरात म्हणून. मग दुपारच्या गोळ्यांची छोटी वेगळी पुडी डब्यात टाकायला द्यायची असं ठरलं, आणि शक्य तिथे दिवसातून दोनदाच घ्यायचं औषध लिहावं हा विषय डॉक्टरांच्या टेबलावर गेला. ही सूचना कोणत्या फॉर्मवरून आली असती?

जगात याची शास्त्रशुद्ध पद्धत आहे. इंग्लंडमध्ये पॉल बेट आणि ग्लेन रॉबर्ट यांनी मांडलेल्या पद्धतीत पेशंट आणि कर्मचारी यांचे अनुभव आधी वेगवेगळे ऐकतात, पेशंटच्या मुलाखतींची फिल्म सगळ्यांना दाखवतात, आणि मगच दोघांना एकत्र बसवून कामाची यादी ठरवतात. यातलं ‘आधी वेगळे, मग एकत्र’ एवढं नक्की उचला. फिल्म मी सोडून दिली. कॅमेरा निघाला की आपल्याकडे बायका पदर सारखा करून ‘सगळं छान आहे’ म्हणतात. परवानगी घेऊन नुसता आवाज ध्वनिमुद्रित करा, नाव-गाव काढून टाका आणि डॉक्टरांना ऐकवा. स्वतःच्या ओपीडीबद्दल अनोळखी आवाजातली तीन मिनिटं ऐकताना भल्याभल्या डॉक्टरांनी मान खाली घातलेली मी पाहिली आहे.

एकत्र बसवायची वेळ आली की नकाशा टेबलावर पसरू नका. नकाशा वाचता येणं हीसुद्धा सत्ताच आहे, आणि त्या खोलीत ती फक्त तुमच्याकडे असते. मी चुन्याची फक्की वापरते, कबड्डीच्या मैदानाला मारतात तीच. मोकळी जागा घ्यायची, फक्कीनं वॉर्ड खऱ्या मापात आखायचा, चार जुन्या खाटा, एक ट्रॉली, सलाइनचे स्टँड आणि भिंतींच्या जागी दोरीवर चादरी. एका वॉर्डाच्या नकाशात आम्ही नातलगांसाठी व्हरांड्यात छान बाक दाखवले होते. फक्कीवर आल्यावर एक बाई सरळ दोन खाटांच्या मध्ये गेली, पोतं अंथरलं आणि आडवी झाली. ‘रात्री मी अथीच झोपतो. बाकावर बसून कोन झोपते?’ तिचे पाय शेजारच्या खाटेखाली जात होते. सर्जन म्हणाले, इथे झोपलात तर रात्री इमर्जन्सीत ट्रॉली कशी आणू? तेव्हा वॉर्डच्या सिस्टरनं खरोखर ट्रॉली ढकलत आणली. ती अडकली. बाई उठली आणि तिनं स्वतःच खाट वीतभर सरकवली. पुन्हा ट्रॉली. पुन्हा खाट. अर्ध्या तासात दोन खाटांमधलं अंतर ठरलं, आणि ते ठरवणाऱ्यांत सर्जन, सिस्टर आणि पोतंवाली बाई असे तिघं होते. व्हरांड्यातले बाक रद्द झाले, खाटेखालून ओढता येईल असा बुटका पलंग आला. अंतर वाढल्यानं बारा खाटांच्या दहा होत होत्या. व्यवस्थापनानं उत्पन्नाचा हिशेब मांडला, शेवटी अकरावर तडजोड झाली. एक जागा अजूनही अरुंद आहे.

इथे एक सावधानता. सगळंच चर्चेला ठेवलंय असं भासवू नका. ऑपरेशन थिएटरची निर्जंतुक हद्द, आयसोलेशन, ऑक्सिजनची पाइपलाइन यावर मतदान होत नसतं. पहिल्याच दिवशी सांगा की हे ठरलेलं आहे, हे तुमच्या-आमच्या बोलण्यातून ठरेल, आणि हे सर्वस्वी तुम्ही ठरवायचं. तिसऱ्या यादीत खरोखर काहीतरी असलं पाहिजे, आणि त्यासाठी पैसा बाजूला काढलेला असला पाहिजे. शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात नुसतं मत विचारणं ही चौथी पायरी आहे आणि भागीदारी सहावी. आपल्याकडचे बहुतेक ‘पेशंट-केंद्रित’ प्रकल्प चौथीवर उभे राहून फोटो काढतात.

आणि लोकांना मोबदला द्या. रोजंदारीवरचा माणूस तुमच्यासाठी दिवस घालवतो तेव्हा त्याची मजुरी बुडते. त्याला शाल-श्रीफळ देऊन काय होणार? डॉक्टरांचा वेळ पगारी, तुमचा फीमध्ये धरलेला, मग फुकट कोण, तर पेशंट! एका ट्रस्टच्या अकाउंटंटनी मला सांगितलं, ‘मॅडम, पेशंटला पैसे द्यायचं हेडच नाही आपल्याकडे. पैसे घ्यायचं आहे.’ शेवटी आम्ही ते ‘सल्लागार शुल्क’ या हेडखाली टाकले. पोतंवाल्या बाईंनी व्हाउचरवर अंगठा दिला, आणि त्या कागदावर त्यांचं पद सल्लागार असं टाइप केलेलं आहे.

गडचिरोलीचं उदाहरण तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेचा दवाखाना उभारताना आदिवासींना विचारलं, त्यातून झोपड्यांसारख्या कुट्या आल्या, नातलगांना पेशंटसोबत राहता येऊ लागलं, आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. माझी तक्रार एवढीच की बघायला जाणारे आर्किटेक्ट कुट्या उचलून आणतात आणि विचारणं तिथेच ठेवून येतात. हिंगण्याला कुट्या बांधाल तर ते रिसॉर्ट दिसेल.

कायदा तुमच्या बाजूनं आहे, तो फक्त हाताच्या उंचीवर आणा. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये सुधारणा झाली, त्यानुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि १५ सेवांचे दर दर्शनी भागात लावायचे आहेत. लावतात. रिसेप्शनच्या मागे, आठ फुटांवर, काचेआड, पिवळ्या बल्बखाली. तीच सनद बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर, बिलिंगच्या रांगेच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत लावली तर दरांबद्दलचे प्रश्न बिलाच्या आधी विचारले जातात.

संमतीचंही तसंच. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये स्पष्ट केलं की तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही आणि पेशंटला आधी पुरेशी माहिती द्यायला हवी. आणि आपल्याकडे सही कुठे होते? थिएटरच्या दाराशी, ट्रॉलीवर आडवं असताना, गाऊन घातलेला, चष्मा काढून घेतलेला. तुमच्या नकाशात वॉर्डालगत एक छोटी खोली काढा, तीन खुर्च्या आणि एक टेबल. सही आदल्या संध्याकाळी तिथे बसून होईल. पेशंटच्या अंगावर स्वतःचे कपडे असतील, डोळ्यांवर चष्मा असेल आणि शेजारी घरचं माणूस असेल.

डॉक्टरांची बाजू मी विसरलेली नाही. त्यांना भीती असते आणि ती खोटी नाही. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, पण जमाव चालून येतो तेव्हा कलम वाचायला वेळ नसतो. मी तपासणीच्या खोलीला शक्य तिथे दुसरं दार मागते आणि डॉक्टरांची खुर्ची त्याच्याजवळ ठेवते. मात्र पेशंटचाही दाराकडचा रस्ता अडू देत नाही. वाईट बातमी आयसीयूच्या दारात, एक हात दारावर ठेवून सांगण्याची पद्धत आहे ना, तिथूनच निम्मी भांडणं पेटतात. सहा माणसं बसतील अशी खोली, पाण्याचं भांडं, डॉक्टरही बसलेले, आणि दोन दारं. एवढ्याला जागा नाही म्हणणाऱ्या रुग्णालयात व्हीआयपी लाउंज असतं.

उलट बाजूनंही बोलते. पेशंट मागेल ते सगळं द्यायचं नाही. ‘सलाइन लावा, ताकद येते’ ही मागणी रोजची. आयसीयूत पंधरा जणांना सोडा हीसुद्धा. तिथे नाही म्हणावंच लागतं, फक्त नाही म्हणण्याचं काम गार्डवर टाकून सगळे आत बसतात ते थांबवा. एका गेटवर आम्ही गार्डला लेखी अधिकार दिला की कोणालाही न विचारता तो एका माणसाला दहा मिनिटं आत सोडू शकतो, आणि त्याबद्दल त्याला कोणी बोलणार नाही. त्याआधी तो सगळ्यांनाच अडवत होता, कारण अडवल्याबद्दल त्याला कधी शिव्या पडल्या नव्हत्या. हातात थोडी मुभा आल्यावर तो लोकांना ‘तुमी थांबा जी, या माउलीले जाऊ द्या अगुदर’ असं समजावू लागला. गेटवरचा आवाज उतरला. नकाशात यासाठी एक रेघही लागली नाही.

अ‍ॅपबद्दल विचारलंत, त्याचं थोडक्यात. टोकन मोबाइलवर गेलं की रांग कमी होते हे खरं, पण आजीच्या नोंदणीचा ओटीपी पुण्यातल्या मुलाच्या फोनवर जातो आणि तो मीटिंगमध्ये असतो. एक खिडकी माणसाची ठेवा. ती ‘ज्येष्ठांसाठी’ अशी कोपऱ्यात ढकलू नका, सगळ्यात जवळची द्या.

शेवटचा मुद्दा, डॉक्टर अशा कामाला पुन्हा पुन्हा येत नाहीत. आणखी एका दोन तासांच्या बैठकीला नाहीच येणार. ओपीडी संपल्यावर अडीच वाजता, त्यांच्याच तपासणीच्या खोलीत, चाळीस मिनिटं मागा. पहिली दहा मिनिटं त्यांना पेशंटच्या स्टुलावर बसवा आणि त्यांच्या खुर्चीत सिस्टरला. एका फिजिशियननी स्टुलावर बसल्याबसल्या विचारलं, ‘इथून मॉनिटरवर काय लिहितायत ते दिसतच नाही?’ त्याच आठवड्यात टेबल काटकोनात फिरलं आणि स्क्रीन दोघांना दिसू लागली. सहा महिन्यांनी मी गेले तर टेबल पुन्हा जुन्या जागी. खिडकीचं ऊन स्क्रीनवर पडत होतं, म्हणून मामांनी सरळ करून टाकलं होतं. कोणाचा काही हेतू नव्हता. आम्ही पडदा लावला, प्लगपॉइंट हलवला, आणि मग टेबल फिरलेलं राहिलं.

तुमचा नकाशा पाठवा. आधी गेट, केसपेपरची खिडकी आणि नर्सिंग स्टेशन एवढंच, थिएटर नंतर बघू.